गोळी अंगी लागेपर्यंत

‘अंगात त्राणच राहिलं नाही, काहीतरी ताकदीचं द्या,’ असं म्हणत आलेल्या बाईच्या पर्समध्ये बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्यांची एक अर्धवट स्ट्रिप निघते. दहातल्या चार-पाच फोडलेल्या, बाकीच्या तशाच. ‘घेतल्या होत्या, पण फरक पडला नाही.’ आहार सल्ल्याच्या टेबलावर आमचं काम त्या स्ट्रिपपासूनच सुरू होतं. गोळी किती वाजता घेतली, त्याआधी आणि नंतर चहा कधी झाला, पाचव्या दिवशी ती का सुटली, एवढं विचारलं की निम्मा उलगडा होतो. गोळी पोटात गेली म्हणजे ती अंगी लागली असं नाही. अंगी लागायला साधारण सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत कुठे काय बिघडतं ते आता आम्हांला तोंडपाठ झालं आहे.

थकव्याला कारणं डझनभर. पण पाळी येत असलेल्या वयात पहिला संशय लोहावरच घ्यावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो हे खरं. पण हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा संपलेल्या बायका पुष्कळ असतात, आणि त्या या ५७ टक्क्यांत येतच नाहीत. कोठार आधी रिकामं होतं, हिमोग्लोबिन सगळ्यांत शेवटी घसरतं. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर लागणारी धाप, कंगव्यात येणारे केस, रात्री पायांत होणारी वळवळ हे सगळं मधल्या काळात सुरू झालेलं असतं, आणि ‘वय झालं आता’ म्हणून सोडून दिलेलंही असतं.

एक प्रश्न मात्र आम्ही एकटीला गाठून विचारतो. कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, फ्रिजमधला बर्फ, यातलं काही खावंसं वाटतं का? सासू किंवा नवरा शेजारी असला की उत्तर ‘छे’. एकटी असली की तांदूळ निवडताना दोन-तीन मुठी तोंडात जातात हे हळूच बाहेर येतं. ही सवय वाईट म्हणून सोडवायची नसते. लोह भरायला लागलं की ओढ आपसूक जाते, बरेचदा रिपोर्ट सुधारण्याच्याही आधी.

तपासणीत नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा), बी१२ आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी) एवढ्या चार गोष्टींपासून सुरुवात करायची. घरी मधुमेह असेल तर साखर धरायची. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी आकडे येतात, पण बरेचदा फेरिटिन नसतं. त्याजागी सीरम आयर्न, म्हणजे रक्तात फिरणारं लोह, असतं, आणि तो आकडा दिवसभरात वर-खाली होत राहतो, आदल्या दिवशी गोळी घेतली तर फसवतो. रक्त द्यायच्या आधी केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, त्या थायरॉईडच्या चाचणीत गडबड करतात. बी१२ ची गोळी आधीच आठवडाभर घेऊन झाली असेल तर बी१२ चा आकडा पाहण्यात अर्थ उरत नाही, तो छान येणारच.

रिपोर्ट वाचताना नजर एमसीव्हीवर जाते. म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या खाली, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला आणि फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह कमी, वाद नाही. यात दोन-तीन गोम आहेत. डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर फेरिटिन काही काळ फुगलेलं असतं, त्यावर विसंबू नये. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एक पेशी लहान करतं, दुसरं मोठी करतं आणि सरासरी येते ८८, अगदी नॉर्मल. शाकाहारी घरांत ही जोडी फार भेटते. तिथे आरडीडब्ल्यूच काय ते सांगतो. तिसरी गोम जास्त महत्त्वाची. एमसीव्ही ६४, पण तांबड्या पेशींची संख्या ५.६ दशलक्ष. ६४ ला ५.६ ने भागलं तर साडेअकराच्या आत येतं. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाचा) संशय घ्यायचा आणि डॉक्टरांना एचबीए२ ची चाचणी विचारायची. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत तर आवर्जून. असा माणूस वर्षानुवर्षं लोह खात राहतो, पेशी लहानच राहतात, आणि औषध लागू पडत नाही म्हणून बदलत बसतो. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या घरांत सिकलसेलची (हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) चाचणी झाली आहे का हे विचारायला विसरू नये.

जाता जाता: लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा, एचबीए१सी चा आकडा खोटाच थोडा वर जातो. ५.८ पाहून साखर-भात सोडून बसलेल्या बायकांनी आधी फेरिटिन पाहावं.

कमतरता ठरली की पुढचा प्रश्न, लोह जातंय कुठे? दर दोन तासांना पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, सात दिवसांच्या पुढे जातं, यातलं एकही असेल तर भोक तिथे आहे. मूळव्याध बायका सांगत नाहीत, विचारावी लागते. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर गोळीवर भागवू नये, जठर-आतड्यांतून रक्त जातंय का हे डॉक्टरांनी शोधायलाच हवं. आणि ॲसिडिटीची गोळी. ‘सकाळी उठल्या उठल्या एक घेते, चार वर्षं झाली.’ आम्ल कमी झालं की अन्नातलं लोह विरघळत नाही आणि बी१२ ही सुटत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने बी१२ घटतं. ही औषधं मनाने बंद करायची नाहीत, पण डॉक्टरांना दाखवायच्या यादीत लिहायची.

आता गोळी. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा क्षाराचा, म्हणजे लोह ज्यात बांधलेलं असतं त्या संयुगाचा असतो, लोहाचा नव्हे. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण एक तृतीयांश लोह असतं, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत १०० च्या आसपास. ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणून मागे बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल आयर्न’ काय लिहिलंय ते पाहायचं. सरकारी कार्यक्रमातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. महागड्या गोळीने काम लवकर होतं असं आम्हांला दिसलेलं नाही. पोटाला सोसली, रोजच्या वेळेत बसली आणि खिशाला परवडली की ती गोळी चांगली.

एक समजूत इथे मोडावी लागते: दोन वेळा घेतली की दुप्पट फायदा. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचे सुमारे २४ तास आतड्याचं दार ओढून घेतं. संध्याकाळची दुसरी गोळी त्या लोटलेल्या दारावर जाऊन थडकते आणि आतड्यात पडून बद्धकोष्ठ करते. त्यामुळे सौम्य कमतरतेत दिवसाआड एक गोळी हा बेत अनेक डॉक्टर आता देतात. लक्षात राहावं म्हणून विषम तारखा धरायच्या आणि कालनिर्णयवर फुली मारायची. ३१ नंतर लगेच १ तारीख आली तर एक दिवस सोडायचा, एवढंच. गरोदरपणात आणि हिमोग्लोबिन फार खाली असताना रोजच घ्यायची असते. गरोदर बाईने हा दिवसाआडचा हिशोब स्वतःला लावून घेऊ नये.

खरी मारामारी घड्याळाशी. एका नेहमीच्या घरातली सकाळ बघा. साडेपाचला थायरॉईडची गोळी. सव्वासहाला चहा, त्यात बुडवून कालची पोळी. आठ वाजता डबे भरून झाले की उरलेला नाश्ता, त्याबरोबर दुसरा चहा. साडेअकराला ऑफिसात तिसरा. यात लोहाची गोळी घुसवायची कुठे? थायरॉईडच्या गोळीपासून ती चार तास लांब हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि टीएसएच वर जातो. चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. ‘सकाळी अनशापोटी’ असं चिठ्ठीवर लिहिणं सोपं आहे, या घरात ते जमणारच नाही, आणि ती स्ट्रिप अर्धवट राहते ती इथेच.

आमच्या अनुभवात संध्याकाळची साडेसहाची वेळ सगळ्यांत टिकते. चारचा चहा झालेला असतो, जेवण साडेआठ-नऊला. गोळी स्वयंपाकघरात न ठेवता पर्समध्ये, पाण्याच्या बाटलीजवळ. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की गोळी, असं स्वतःशी ठरवलेल्या बायका सहा महिने चुकत नाहीत. कॅल्शियम असेल तर ते दुपारच्या जेवणाबरोबर सरकवायचं. गोळीबरोबर लिंबूपाणी पाहिजेच का? गोळीतल्या लोहाला त्याने फारसा फरक पडत नाही. जेवणातल्या लोहाला पडतो, आणि पुष्कळ पडतो. तेव्हा लिंबू वरणभातावर पिळा.

पहिल्या आठवड्यात तीन तक्रारी येतात. शौचाला काळी होते. ते न शोषलेलं लोह, घाबरायचं कारण नाही. मात्र डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि पातळ झाली तर ते रक्त असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मळमळ होत असेल तर गोळी बंद न करता केळं किंवा दोन घास भाताबरोबर घ्यायची. शोषण कमी होतं, पण बंद पडलेल्या गोळीपेक्षा ते बरं. बद्धकोष्ठाला रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, दिवसाला एक-दोन पेरू आणि पाणी, आणि तरीही खडा होत असेल तर दिवसाआडचा बेत किंवा वेगळा क्षार डॉक्टरांना विचारायचा. सिरप घेणाऱ्यांनी स्ट्रॉने घ्यावं, दात काळे पडतात. आणि ही लाल-गुलाबी गोळी लहान मुलांना जेम्सच्या गोळीसारखी दिसते. मुठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. वरच्या फळीवर, बंद डब्यात.

दहाव्या दिवसाच्या सुमाराला हाडांच्या मगजातून नव्या पेशी निघू लागतात. बायका तेव्हा ‘जरा बरं वाटतंय’ म्हणतात, पण आकडा अजून हललेला नसतो. चौथ्या आठवड्यात सीबीसी पुन्हा करायची. ९.२ चे १०.४ झाले असतील तर गाडी रुळावर आहे. एकानेही वाढलं नसेल तर चौकशी करायची ती अशी: गोळ्या मोजून बघायच्या, किती उरल्या, चहाचं घड्याळ पुन्हा तपासायचं, अंगावरून अजून तितकंच जातंय का, आणि निदान बरोबर होतं का. हे सगळं ठीक असूनही हलत नसेल किंवा गोळी अजिबात सोसत नसेल तर शिरेतून लोह देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. तो दवाखान्यातच घ्यायचा उपचार आहे. त्यातल्या काही औषधांनी रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि सलाईननंतर दोन आठवड्यांनी उलट जास्तच गळून गेल्यासारखं होतं. तसं झालं तर सांगावं, सहन करत बसू नये.

सगळ्यांत मोठी गळती तिसऱ्या महिन्यात होते. हिमोग्लोबिन १२.१ आलं, घरात पेढे आले, गोळी बंद. त्या दिवशी फेरिटिन पाहिलं तर ते १५ निघतं. पगार झाला, पण बचत शून्य. पुढच्या दोन-तीन भारी पाळ्यांत सगळं पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून हिमोग्लोबिन सुधारल्यावर आणखी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि थांबवायचं की नाही हे फेरिटिन पाहून डॉक्टर ठरवतात.

गोळीऐवजी आहारातून करता येईल का, हा प्रश्न प्रत्येकीचा. रिकामं कोठार नुसत्या आहाराने भरायला फार वर्षं लागतील. हिशोबच सांगतो. दोन मध्यम बाजरीच्या भाकऱ्या म्हणजे १०० ग्रॅम पीठ, त्यात सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह. त्यातलं पाच टक्के जरी शोषलं तरी जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. पाळी येणाऱ्या बाईला रोज अंगात शिरायला हवं सुमारे दीड ते दोन मिलिग्रॅम. भरलेलं कोठार राखायला मात्र आहारच लागतो. बीटाचा रस रंगाने फसवतो, १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नाही. पालकात आहे, पण सहजी सुटत नाही. हळिवाचे लाडू चांगलेच आहेत, मात्र जुन्या तक्त्यांतला १०० ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमचा आकडा २०१७ च्या राष्ट्रीय तक्त्यात बराच खाली आलेला आहे, तेव्हा एका लाडवावर सगळी भिस्त नको. गूळ-शेंगदाणा खावा, पण औषध म्हणून गुळाचे खडे चघळू नयेत, साखरच जाते जास्त.

जे चालतं ते साधं आहे. मटकीला मोड आणायचे, पीठ आंबवून आंबील करायची. धान्या-कडधान्यातलं लोह बांधून ठेवणारं फायटेट त्याने घटतं. उसळीवर लिंबू, जेवणात आवळ्याचं लोणचं किंवा कोबी-टोमॅटोची कोशिंबीर कच्ची. खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा कलेजी, मटण किंवा मासे. त्यातलं लोह मुळातच सहज शिरतं आणि शेजारच्या भाकरीतलंही ओढून नेतं. लोखंडी कढईत आंबट पदार्थ केला, टोमॅटोची भाजी, चिंचेची आमटी, की कढईचं लोह उतरतं. आमटी काळसर पडते, ते बरोबरच आहे. शिजली की लगेच स्टीलमध्ये काढायची, रात्रभर राहिली तर लोखंडाची चव येते आणि मग घरात पुन्हा कुणी ती खात नाही. आणि चहा-पोळी. महाराष्ट्रातला निम्मा थकवा या जोडीत आहे असं आम्ही गमतीने म्हणतो. जेवणाबरोबरचा चहा त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह अडवतो. चहा सोडा असं सांगून कुणी सोडत नाही, आम्हीही नाही. पोळीपासून तासभर लांब करा, एवढं जमतं.

बी१२ चं गणित वेगळं. ते २०० च्या खाली असेल आणि हातापायांना मुंग्या येत असतील तर इंजेक्शनने सुरुवात होते, नाहीतर रोजची १००० ते १५०० मायक्रोग्रॅमची गोळी. डोस एवढा मोठा का? आतड्यातला नेहमीचा मार्ग एका वेळी जेमतेम एक-दोन मायक्रोग्रॅम घेतो, बाकीच्यातलं एखादा टक्काच झिरपतं. मिथाइल की सायनो यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये, दोन्ही काम करतात. स्पिरुलिनातलं बी१२ शरीराला वापरता येत नाही, आणि आंबवलेल्या आंबोळ्यांवरही त्यासाठी विसंबू नये. बी१२ न पाहता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं, हे मात्र ध्यानात ठेवायचं. व्हिटॅमिन डी २० च्या खाली असेल तर ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तेल-तुपाच्या जेवणाबरोबर. तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर दर रविवारी घेणारे भेटतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मळमळ, बद्धकोष्ठ, थकवा असं सगळं परत येतं.

लोह भरल्यावरही दुपारी तीनला डोळे मिटत असतील तर सकाळच्या बशीत बघावं. पोह्यांच्या एका बशीत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं, साबुदाण्याच्या खिचडीत जी काही ती दाण्याच्या कुटाची. ५५ किलोच्या बाईला दिवसभरात ४५ ग्रॅमच्या आसपास लागतात. पोह्यांबरोबर एक अंडं किंवा वाटीभर मटकी, जेवणात पातळ आमटीऐवजी घट्ट वरण आणि दही, एवढ्याने तीनची झोप बरीच मागे हटते. जेवणानंतर दहा मिनिटं चालणं त्यात भर घालतं. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून शेवटचा चहा चारचाच. रात्री मोठ्याने घोरणं आणि सकाळी जड डोकं घेऊन उठणं असेल तर ते झोपेतल्या श्वासाचं दुखणं असू शकतं, त्याला कुठलीच गोळी पुरी पडणार नाही. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आहाराच्या टेबलावर न येता आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्यायची.

गोळी बंद झाल्यावर तीन महिन्यांनी आम्ही एकदा फेरिटिन पुन्हा मागवतो. ६० चं ५५ झालं असेल तर जेवण भागवतंय. ६० चं २० झालं असेल तर नवी स्ट्रिप फोडण्याआधी पुढच्या पाळीचा हिशोब लिहायचा: कोणत्या दिवशी किती पॅड, किती भिजलेले, गाठी किती मोठ्या, रात्री उठावं लागलं का. तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.